चिखल तुडवणारं क्रियापद

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला ‘पडल’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो नाम म्हणून. पाऊस ओसरल्यावर रस्त्यातल्या खड्ड्यात साचून राहिलेलं पाणी, म्हणजे डबकं. मराठीतल्या ‘पडलं’शी त्याचं काही नातं नाही. हाच शब्द इंग्रजीत क्रियापद म्हणूनही वापरला जातो, हे मात्र ज्यांची ती मायबोली आहे त्यांच्यातल्याही बहुतेकांना ठाऊक नसतं. जुने कालवे राखणारे, मातीची धरणं बांधणारे, भातशेतीचे अभ्यासक आणि फुलपाखरांमागे रानोमाळ फिरणारे यांच्या तोंडी ते आजही आहे. या व्याख्यानाचा विषय तेवढं एक क्रियापद आहे. एका क्रियापदावर तासभर काय बोलायचं, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी थोडा धीर धरावा. या शब्दाच्या पोटात कालवे आहेत, फुटलेली धरणं आहेत, आयफेल टॉवर आहे आणि कोकणातलं भाताचं खाचरही आहे.

शब्दाचं मूळ साधं आहे. जुन्या इंग्रजीत ‘पुड’ म्हणजे चर किंवा नांगराचं तास. त्याला लघुत्व दाखवणारा प्रत्यय लागून मध्ययुगीन इंग्रजीत ‘पॉडेल’, ‘पुडेल’ अशी रूपं झाली, म्हणजे छोटा चर, छोटा खळगा. पुढे खळग्याचं नाव खळग्यातल्या पाण्यालाच चिकटलं. जर्मन बोलींमध्ये याची भावंडं सापडतात. तिथे ‘पूडेल्न’ म्हणजे पाण्यात डुबुकडुबुक करणं, आणि त्यावरून पाण्यात शिरून शिकार उचलून आणणाऱ्या कुत्र्याला नाव मिळालं ‘पूडेलहुंड’. आज घरोघरी लाडाने पाळला जाणारा कुरळ्या केसांचा पूडल तो हाच. त्याचं नाव आणि रस्त्यातल्या डबक्याचं नाव एकाच घरातलं आहे.

नामाचं क्रियापद झालं ते पंधराव्या शतकाच्या आसपास, आणि सुरुवातीला त्याची पत काही फारशी नव्हती. चिखलात हात घालून चिवडणं, स्वच्छ पाणी गढूळ करणं एवढाच त्याचा अर्थ. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त डेस्डेमोना हे क्रियापद वापरते. नवरा अकारण चिडलेला पाहून ती स्वतःची समजूत घालते की राज्यकारभारातल्या कसल्याशा भानगडीने त्याचं निर्मळ मन ढवळून गढूळ झालं असावं. मनाच्या गढूळपणासाठी पाण्याची प्रतिमा मराठी माणसाला लगेच ओळखीची वाटते. त्याच नाटककाराच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये एका मांत्रिकाच्या पेटलेल्या दाढीवर चिखलपाण्याच्या बादल्या ओतल्या जातात, तिथेही हाच शब्द आहे. दोन्ही ठिकाणी चिखल म्हणजे घाण, नासाडी. साहित्याने या क्रियापदाला एवढंच दिलं.

त्याला दुसरा अर्थ दिला तो लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी, आणि तो शोधायला अठराव्या शतकातल्या लँकेशायरमध्ये जावं लागतं.

मँचेस्टरजवळ वर्स्ली इथे ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या कोळशाच्या खाणी होत्या. कोळसा विपुल होता, पण तो शहरात न्यायचा तर घोड्यांच्या पाठीवरून, खराब रस्त्याने, आणि त्यामुळे भाव वाढायचा. कालवा खोदून बोटीने कोळसा न्यायचं ड्यूकने ठरवलं. पार्लमेंटची मंजुरी १७५९ मध्ये मिळाली. काम सोपवलं ते जेम्स ब्रिंडली या गिरण्यांची चाकं दुरुस्त करणाऱ्या कारागिरावर. ब्रिंडली १७१६ साली डर्बीशायरमध्ये जन्मला. शाळा जवळपास नाहीच. त्याच्या टिपणवह्या उपलब्ध आहेत, आणि त्यातलं स्पेलिंग त्याच्या गावच्या उच्चारांबरहुकूम आहे. अवघड प्रश्न पडला की तो अंथरुणावर पडून राहायचा आणि सगळा आराखडा डोक्यात पक्का झाल्यावरच उठायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात.

कालव्यात पाणी सोडणं अवघड नाही, ते कालव्यात टिकवणं अवघड. वाळूच्या, खडकाळ किंवा भुसभुशीत जमिनीतून खोदलेला चर पाणी पिऊन टाकतो. मैलोन्‌मैल दगडी अस्तर घालायचं तर ड्यूकची तिजोरी पुरली नसती. ब्रिंडलीने साधन निवडलं ते पायाखालचंच : चिकणमाती. पण नुसती माती अंथरून भागत नाही. खणून आणलेली माती ढेकळांची असते, ढेकळांत भेगा असतात, आणि भेगांतून पाणी वाट काढतं. म्हणून ती माती फावड्याने बारीक चिरायची, पाणी घालायचं, पुन्हा चिरायची आणि तुडवायची. नऊ-दहा इंचांचा थर झाला की त्यावर दुसरा, आणि वरचा थर तुडवताना फावडं खालच्या थरात शिरलंच पाहिजे, म्हणजे दोन थरांमध्ये सांधा राहत नाही. असं करत तळाला आणि बाजूंना दोन-तीन फूट जाडीचं अस्तर तयार व्हायचं. या कामाला मजूर म्हणायचे ‘पडल करणं’, आणि तयार झालेल्या मातीलाही ‘पडल’च.

ही युक्ती ब्रिंडलीच्या आधीही माणसांना ठाऊक होती. पाण्यापाशी राहणारी माणसं ती शिकतातच. ब्रिंडलीने तिची शिस्तबद्ध रीत बसवली आणि शेकडो मैलांवर ती वापरून दाखवली. पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने दिलेल्या साक्षीची गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या चरित्रकारांनी सांगितली आहे. समितीतल्या सरदारांना ‘पडल’ म्हणजे काय ते कळेना. ब्रिंडलीने ओली माती मागवून घेतली. आधी न मळलेल्या मातीची छोटी पन्हळ करून तिच्यात पाणी ओतलं, ते झिरपून गेलं. मग तीच माती पाणी घालून हाताने चांगली मळली, पुन्हा तशीच पन्हळ केली आणि पाणी ओतलं. थेंबही गळला नाही. गोष्टीत थोडी भर पडली असेलही, पण प्रयोग अगदी खरा आहे. कुणालाही तो घरी करून पाहता येईल.

१७ जुलै १७६१ रोजी बार्टन इथल्या पुलावरून पहिली बोट गेली. हा पूल पाण्याचा होता. खाली अर्वेल नदी, आणि तिच्या सुमारे ३९ फूट वरून दगडी कमानींवर चालणारा कालवा. कमानींवरच्या त्या पन्हाळ्यात पाणी अडवून धरलं होतं तुडवलेल्या चिकणमातीने. नदीवरून बोट जाताना पाहायला लोक लांबून यायचे. मँचेस्टरात कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. त्या जुन्या पुलाने सव्वाशेहून अधिक वर्षं काम दिलं. १८९० च्या दशकात मँचेस्टरचा जहाजी कालवा झाला तेव्हा तो पाडून तिथे फिरता पूल बसवला गेला.

पुढे ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या ९३ मैलांच्या कालव्याचं काम निघालं. १७६६ मध्ये त्याच्या खोदाईची पहिली कुदळ मारली ती जोसायाह वेजवूडने. तो कुंभार होता, जगप्रसिद्ध वेजवूड भांड्यांचा कर्ता. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने भांडी नेताना ती फुटायची, म्हणून कालव्यासाठी सगळ्यांत जास्त धडपड त्यानेच केली. कुंभाराला तुडवलेल्या मातीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. महाराष्ट्रातही ते कुणाला सांगावं लागू नये. तेरच्या गोरोबाकाकांची कथा इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. विठ्ठलनामात हरवून चिखल तुडवताना तान्हं मूल पायाखाली आलं तरी त्यांना भान नव्हतं. भक्तीच्या त्या कथेत एका कारागिराच्या कामाची नोंदही आहे. मातीतली हवा निघेपर्यंत, खडा पायाला टोचून सापडेपर्यंत, गोळा एकजीव होईपर्यंत पाय थांबत नसत.

ट्रेंट-मर्सी कालवा १७७७ मध्ये पुरा झाला. तो पाहायला ब्रिंडली नव्हता. १७७२ सालीच तो गेला. खोदणाऱ्यांची नावं तर कुठेच नाहीत. कालव्यांना तेव्हा ‘नॅव्हिगेशन’ म्हणत, म्हणून खोदणारा तो ‘नॅव्हिगेटर’ आणि त्याचं तोंडी रूप ‘नॅव्ही’. पुढे रेल्वेचे बोगदे आणि भराव घालणारे मजूरही याच नावाने ओळखले गेले. त्यांच्या टोळ्यांतली एक टोळी फक्त पडल करणाऱ्यांची असायची. जाड बूट घालून दिवसभर ओल्या मातीत पाय आपटायचे, एवढंच तिचं काम. कुठे कुठे माणसांऐवजी गुरं कालव्याच्या तळातून मागे-पुढे हाकत.

इथे इंग्रजीतलं चिखलाचं आणखी एक क्रियापद ध्यानात घेण्यासारखं आहे. ओल्या कुरणात गुरं सोडली की त्यांच्या खुरांनी गवत चिखलात जातं आणि जमीन बिघडते. इंग्रज शेतकरी याला ‘पोच’ करणं म्हणतो. खूर तेच, चिखल तोच. कुरणात झालं तर नुकसान, कालव्यात झालं तर बांधकाम. दोन्हींना दोन वेगळी क्रियापदं आहेत, कारण ज्यांना या फरकाची किंमत मोजावी लागते ती माणसं शब्दांच्या बाबतीत काटेकोर असतात.

चिखल तुडवल्याने असं काय होतं? चिकणमातीचे कण एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक आणि आकाराने चपटे असतात. कोरड्या मातीत ते एकमेकांना धरून दाणे करतात, आणि दाण्यादाण्यांमधल्या पोकळ्या पाण्याच्या वाटा होतात. ओली माती पुन्हा पुन्हा मळली की दाणे मोडतात, कण सुटे होऊन एकमेकांलगत आडवे बसतात. मधल्या फटी इतक्या बारीक होतात की पाणी जवळजवळ थांबतं. पण निव्वळ चिकणमातीही उपयोगाची नाही. ती वाळली की तडकते. म्हणून जाणते गवंडी तिच्यात जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळत. खडीचा आणखी एक फायदा असा की घुशी-उंदरांना आणि जमीन पोखरणाऱ्या मोल या प्राण्याला तिच्यातून बीळ पाडणं जड जातं. आणि एक पथ्य कायमचं : पडल केलेला कालवा फार दिवस कोरडा ठेवायचा नाही. इंग्लंडमध्ये जुने कालवे राखणारे लोक आजही हे पथ्य पाळतात, आणि गळती लागली की पुष्कळदा अजूनही चिकणमातीच मागवतात.

कालव्यांमागोमाग हे क्रियापद धरणांवर गेलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरणगावांना पाणी पुरवण्यासाठी मातीची धरणं बांधली गेली, त्यांच्या पोटात पडल केलेल्या मातीची उभी भिंत असायची. दोन्ही बाजूंचा भराव पाण्याच्या दाबाला टेकू द्यायचा आणि ही मधली भिंत पाणी अडवायची. भिंत चांगली भरली तर धरण शतकभर टिकतं. खराब भरली तर काय होतं ते यॉर्कशायरने दोनदा पाहिलं. ५ फेब्रुवारी १८५२ रोजी होमफर्थजवळचं बिलबेरी धरण फुटून ८१ माणसं गेली. त्याच्या पायातच झरा लागला होता आणि तो नीट बंद केला गेला नव्हता. ११ मार्च १८६४ च्या रात्री शेफील्डच्या वर डेल डाइक धरण पहिल्यांदाच भरत आलं असताना फुटलं, तेव्हा दोनशे चाळीसच्या आसपास माणसं बुडाली. मधल्या मातीच्या भिंतीलाच आतून तडा गेला असावा, असं मत पुढे अभियंत्यांनी मांडलं. पुण्यात १२ जुलै १९६१ ची आठवण असलेल्या घरांना मातीचं धरण फुटणं म्हणजे काय हे सांगायला नको. पानशेतची कारणं वेगळी होती, पण मातीचं धरण कसं भरलं जातं याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं पाहिजे, हा धडा तोच.

मुंबई इलाख्याचा या शब्दाशी थेट संबंध आला तो याच वाटेने. इथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात काम केलेल्या स्ट्रेंज या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातल्या मातीच्या धरणांवर ग्रंथ लिहिला. पाणलोटातून किती पाणी वाहून येईल हे काढण्याचा ‘स्ट्रेंजचा तक्ता’ स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना आजही शिकावा लागतो, तो याच स्ट्रेंजचा. इंग्लंडची रीत दख्खनमध्ये जशीच्या तशी चालत नाही. इथली काळी माती पाणी उत्तम अडवते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून ती धरणाच्या पोटात, ओल टिकेल अशी ठेवायची आणि बाहेरून मुरमाचं जाड आवरण घालायचं. पाटबंधारे खात्यातली माणसं आतल्या भागाला ‘हार्टिंग’ आणि बाहेरच्या भागाला ‘केसिंग’ म्हणतात. हार्टिंग आता बूट तुडवत नाहीत, मेंढीच्या खुरांसारखे दांडे असलेला रोलर दाबतो. त्याला इंग्रजीत नावच ‘शीपफूट’ आहे. खुरांची आठवण यंत्रानेही सोडलेली नाही.

लोखंडाच्या भट्टीत हे क्रियापद शिरलं ते थोडं वेगळ्या अंगाने. हॅम्पशायरच्या हेन्री कॉर्टने १७८४ मध्ये पेटंट घेतलेल्या रीतीत बिडाचा रस भट्टीत दगडी कोळशापासून अलग ठेवायचा, वरून ज्वाला फिरवायच्या आणि कारागिराने लांब सळईने तो रस ढवळत राहायचं. ढवळताना बिडातला कार्बन जळून जातो. कार्बन कमी झाला की लोखंडाचा वितळणबिंदू वर चढतो, त्यामुळे त्याच आचेत रस हळूहळू घट्ट होऊ लागतो. सळईला जडपणा जाणवला की कारागिराला कळायचं, आता गोळे करायचे. त्याला डोळ्यांपेक्षा हातावर विसंबावं लागे, आणि त्या आचेसमोर उभं राहण्याची किंमत शरीराने चुकवावी लागे. या ढवळण्याला ‘पडलिंग’ आणि ढवळणाऱ्याला ‘पडलर’ हे नाव मिळालं. कॉर्टच्या वाट्याला मात्र सुख आलं नाही. भागीदाराच्या वडिलांनी नौदलाच्या पैशांत केलेल्या अफरातफरीपायी त्याचं पेटंट जप्त झालं आणि तो दिवाळखोर झाला. त्याची रीत युरोपभर गेली आणि शब्दही गेला. फ्रेंचांनी अशा लोखंडाला ‘फेर प्युडले’ म्हटलं. १८८९ साली पुरा झालेल्या आयफेल टॉवरचं सात हजार टनांहून अधिक लोखंड या जातीचं आहे, नॅन्सीजवळच्या पाँपे इथल्या भट्ट्यांमधून आलेलं. जर्मनांनीही ‘पुडेल्न’ हे क्रियापद इंग्रजीकडून उचललं. त्याचं भावंड त्यांच्या बोलींत आधीपासून होतं, पण भट्टीचा अर्थ परदेशातून आला.

फुलपाखरांच्या अभ्यासकांनी हा शब्द घेतला तो त्यामानाने अलीकडे. पावसाळा संपता संपता ओढ्याकाठी, ओल्या वाळूवर, गुरांच्या मुताने भिजलेल्या मातीवर फुलपाखरांचे थवे बसलेले दिसतात. सोंड मातीत खुपसून ती चिखल शोषत असतात. इंग्रजीत याला ‘मड-पडलिंग’ म्हणतात आणि मराठी निसर्गप्रेमींनी त्याला ‘चिखलपान’ असा नेमका शब्द घडवला आहे. फुलांच्या रसात साखर असते, मीठ फारसं नसतं. ते मातीतून घ्यावं लागतं. थव्यात नर जास्त दिसतात, कारण मिलनाच्या वेळी नर हे क्षार मादीला देतो आणि त्यांचा उपयोग अंड्यांना होतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस आयझ्नर आणि त्यांचे सहकारी यांनी एका छोट्या पतंगावर नजर ठेवली. सुमारे साडेतीन तासांत त्या एका नराने ३८ मिलिलीटर पाणी शरीरातून पार केलं, स्वतःच्या वजनाच्या सहाशे पटींहून जास्त. पाणी टाकून द्यायचं आणि त्यातलं सोडियम ठेवून घ्यायचं. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेलं नीलवंतही चिखलपान करतं, सह्याद्रीतल्या कुठल्याही ओढ्यावर पाहून घ्यावं.

आता खाचरात उतरू या. शेतकीच्या इंग्रजी पुस्तकांत भातासाठी जमीन तयार करण्याच्या कामाला जे ‘पडलिंग’ म्हणतात, त्याला कोकणात, मावळात, घाटमाथ्यावर एकच शब्द आहे : चिखलणी. तो इंग्रजीवरून बेतलेला नाही. इंग्रज इथे यायच्या कितीतरी आधीपासून हे काम इथे चालू आहे.

मृगाचा पाऊस पडतो, तरवा, म्हणजे लावणीची रोपं, वर येतो. आर्द्रा नक्षत्र लागता लागता खाचरात पाणी बांधून घेतलं जातं. त्याआधी बांधांची डागडुजी असते. पावसाआधी खेकड्यांनी बांधाला बिळं पाडलेली असतात. एका बिळातून रात्रीत खाचर रिकामं होऊ शकतं. शेतकरी बीळ शोधतो, हाताने मोकळं करतो, तिथलाच चिखल मळून त्यात ठासतो आणि वरून तळहाताने लिंपून घेतो. मग बांधाच्या आतल्या अंगाला सबंध लांबीभर चिखलाचा हात फिरवतो. ब्रिंडलीच्या माणसांनी बोटींच्या कालव्यात जे केलं ते हेच, आणि त्यांची खडी ज्या कामासाठी होती त्याच कामासाठी हा हात फिरतो. एकीकडे मोल, दुसरीकडे खेकडे, एवढाच फरक.

मग जोत उतरतं. बैल गुडघाभर चिखलात, नांगर उभा-आडवा फिरतो, उखळणीत निघालेली ढेकळं पाण्यात विरघळतात. नांगरामागून फळी किंवा गुठा फिरतो आणि खाचराची पातळी एक होते. पॉवर टिलर आला तिथे त्याच्या चाकांऐवजी लोखंडी पिंजऱ्याची चाकं लागतात. काम केव्हा झालं हे सांगायला उपकरण लागत नाही. जुना शेतकरी पाय टाकतो, उचलतो आणि पाहतो. पावलाचा खळगा आपोआप भरून आला, बोटांमधून चिखल लोण्यासारखा निसटला की म्हणतो, झालं, आता आवण आणा. चिखल निवळायच्या आत लावणी लागते, म्हणजे रोपाची मुळं हलक्या बोटाने आत जातात.

हे एवढं कष्टाचं काम कशासाठी? कोकणात चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जांभ्याची जमीन तो धरून ठेवत नाही. आठ दिवस उघडीप पडली की खाचर कोरडं पडतं. चिखलणीने वरचा थर गाळून बसतो, त्याच्याखाली एक घट्ट थर तयार होतो, पाणी झिरपायचं मंदावतं आणि खाचरात तळं टिकतं. पाण्याखाली तणाचं बी नीट उगवत नाही, म्हणून भांगलणी कमी होते. कालव्याचं आणि खाचराचं शास्त्र एकच आहे. या बाबतीत कोकणातला कुणबी आणि लँकेशायरचा नॅव्ही एकमेकांची भाषा न समजताही एकमेकांचं काम ओळखतील.

पण ज्या कारणाने चिखलणी भाताला सोयीची, त्याच कारणाने ती भातानंतरच्या पिकाला जाचक होते. भात निघाल्यावर चिखलातली ती जमीन वाळते, कडक होते, भेगाळते. हरभरा किंवा वाल पेरायचा तर ढेकळं फोडायला बळ लागतं. पंजाब-हरयाणात भातानंतरच्या गव्हाला हाच त्रास होतो. शिवाय पाण्याखाली दबलेल्या मातीतून मिथेन निघतो, आणि भातशेतीचा तापमानवाढीतला वाटा आता जगभर मोजला जातो. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राईस तंत्र’ विकसित केलं, त्यात चिखलणीच वगळली आहे. एकदा गादीवाफे करायचे, त्यांवर भात टोकायचा, कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची आणि पुढच्या हंगामात न नांगरता पुन्हा टोकायचं. चिखलणी आणि लावणीचा खर्च वाचतो, जमिनीत गांडुळं परत येतात. त्यात तणनाशकावर भर राहतो, हा आक्षेपही मोलाचा आहे. तरी ज्या घरात जोत ठेवणं परवडत नाही आणि लावणीला माणसं मिळत नाहीत, त्या घराने ही वाट धरली तर ती योग्यच आहे. चिखलणीविषयीच्या जिव्हाळ्यापोटी कुणी त्या शेतकऱ्याला चिखलात उभं राहायला सांगू नये.

मात्र काम गेलं की त्याचे शब्द जातात, आणि ते काम थांबण्याच्याही आधी जातात. इंग्रजीतलं ‘पडल’ टिकलं याचं कारण कालव्यांच्या नोंदी झाल्या, धरणांच्या चौकश्या झाल्या, अभियंत्यांनी पुस्तकं लिहिली. मजुरांच्या तोंडचा शब्द कागदावर उतरला म्हणून तो आजच्या माणसाला वापरता येतो. मराठीत चिखलणीचे शब्द तालुक्यागणिक बदलतात. पहिल्या नांगरटीला काय म्हणतात, दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला काय, फळी कुठे आणि गुठा कुठे, बांधाला बांध म्हणतात की मेर, खेकड्याचं बीळ बुजवण्याला वेगळं क्रियापद आहे का, चिखल ‘झाला’ हे कोणत्या शब्दांत सांगतात. यांतलं पुष्कळसं शब्दकोशांत नाही आणि जे आहे ते एकाच भागातलं आहे. चिपळूण-संगमेश्वरकडच्या नांगरणी स्पर्धांना आषाढ-श्रावणात गर्दी होते, पण तिथे मोजला जातो तो बैलांचा वेग.

हे व्याख्यान ज्यांच्या हाती पडेल त्यांच्यातल्या अनेकांचं गाव भाताचं असेल. त्यांनी येत्या आषाढात घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यांत जुन्या शेतकऱ्यासोबत खाचराच्या बांधावर बसावं, त्याला चिखलणीबद्दल बोलतं करावं आणि तो वापरेल ती क्रियापदं त्याच्याच उच्चारात, गावाच्या आणि तालुक्याच्या नावासह लिहून घ्यावीत. कोशकारांकडे, विद्यापीठांच्या मराठी विभागांकडे, निदान गावच्या वाचनालयात ती वही पोहोचवावी. हे काम याच पिढीत करावं लागेल, कारण जोत धरलेले हात आता थोडे उरले आहेत.